पीडी सरांची दर तीन वर्षांनी नवी टीम

भाचा गेल्या वर्षी शिकायला अमेरिकेत व्हरमाँटला गेलाय. थंडीत त्याने आइस हॉकीच्या मॅचचा व्हिडिओ पाठवला, खाली लिहिलेलं, मामा बघ, आपल्या कबड्डीसारखीच धडकाधडकी आहे. जेवता जेवता बघायला घेतला आणि ताट तसंच राहिलं. एका बाजूला सहाच जण, त्यात एक गोलकीपर, वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि पोरं पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळतात की लगेच बेंचवर येतात, दुसरी उतरतात, खेळ काही थांबत नाही. बेंचच्या मागे कोच उभा. माझी नजर सारखी त्या माणसाकडेच जात होती.

मग शोधून वाचत बसलो. तिथे मिडलबरी म्हणून छोटं कॉलेज आहे, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजएवढी पोरं असतील. बिल बीनी नावाचे कोच तिथे जवळपास तीन दशकं होते. १९९५ ते १९९९ सलग पाच वर्षं त्यांची टीम डिव्हिजन थ्रीची नॅशनल चॅम्पियन झाली, मग परत २००४, २००५ आणि २००६ ला. आता हे डिव्हिजन थ्री म्हणजे काय, तर तिथल्या कॉलेजांच्या खेळांचा तिसरा गट, आणि त्यात खेळतोस म्हणून स्कॉलरशिप द्यायची नाही असा नियमच आहे. कोचने पोरगा हेरायचा, त्याच्या घरच्यांना पटवायचं, आणि हातात द्यायला पैसा नाही. वर शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं ज्युनियर हॉकी खेळून बरीच पोरं वीस-एकविसाव्या वर्षी कॉलेजात येतात, चार वर्षं खेळतात आणि जातात.

हे वाचलं आणि आमचे पीडी सरच डोळ्यासमोर आले. फिजिकल डायरेक्टर म्हणजे पीडी, सगळं कॉलेज त्यांना पीडी सरच म्हणायचं. मी त्यांच्याकडे तीन वर्षं कबड्डीत लेफ्ट कॉर्नरला खेळलो. तिकडे एका खेळाला एक हेड कोच, आमच्या सरांकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, कुस्तीची पोरं, शिवाय परीक्षेचं सुपरव्हिजन आणि नॅकच्या तपासणीच्या फायली. ॲडमिशनच्या दिवसांत सर कोरेगाव, मेढा, वाई करत फिरायचे, कुठल्या गावात कोण पोरगा चढाई चांगली करतो ते विचारत. माझ्या घरी आले तेव्हा वडील म्हणाले, खेळून पोट भरतंय का सर? सर म्हणाले, ते मला सांगता येत नाही, पण पोरगा रोज साडेपाचला उठेल एवढं मी बघतो. आणि खरंच, तीन वर्षं मी साडेपाचला ग्राउंडवर होतो, आणि एकदाही सरांच्या आधी पोचलो नाही.

आधी पाणी मारलेलं असायचं, मग सर दोरी धरून फक्कीने लाइनी मारायचे. आम्ही करतो म्हटलं तरी द्यायचे नाहीत. बोनस लाइन वाकडी गेली की पुसून परत मारायचे, म्हणायचे, इथे अंदाज चुकला तर मॅचमध्ये पाय चुकतो. सातारचा पाऊस तुम्हाला माहितीये, संध्याकाळी एक सर आली की सगळं साफ, सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

झोनलच्या मॅचेसना कराड, इस्लामपूर, विटा असं एसटीने जायचो. सरांच्या पिशवीत क्रेप बँडेज, केळी आणि काकूंनी दिलेले शेंगदाण्याचे लाडू. टीएडीएचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं बिल ऑफिसात महिनोन्‌महिने पडून राहायचं आणि तोवर सगळं सरांच्या खिशातून. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, खूप नंतर क्लार्ककडून कळलं, आणि मला अजूनही त्याचा राग येतो. अशा माणसाला बिलासाठी हेलपाटे घालायला लावायचे नव्हते.

सर रिटायर झालेत, शाहूपुरीत असतात. रविवारी मोबाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मिडलबरीचं सगळं सांगितलं. मी आपला आठ वेळा चॅम्पियन, आठ वेळा चॅम्पियन करत होतो. सर बोटांवर मोजत होते. म्हणाले, "चार वर्षांचा कोर्स ना? मग पंच्याण्णवला जिंकलेल्यातलं नव्व्याण्णवला कोण उरलं असणार? पोरं सगळी नवीन." माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मग सर हळूच म्हणाले, "पोरगा तयार झाला, आता कुठे खेळ कळायला लागला असं वाटतं आणि त्याच वर्षी त्याची टीवाय असते." युनिव्हर्सिटीची फायनल आम्ही कधी जिंकलो नाही. टीवायला असताना सेमीला दोन पॉइंटनी हरलो, परत येताना एसटीत सर माझ्या शेजारी बसले होते आणि माझा सुजलेला घोटा त्यांच्या मांडीवर होता.

व्हिडिओ सरांनी दोनदा बघितला. मग स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "बर्फावर या लाइनी कशा मारतात रे?"

मी तिथूनच भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, आधी पातळ बर्फ गोठवतात, त्यावर रंगाने लाइनी मारतात आणि वरून परत पाणी सोडून गोठवतात, मग त्या बर्फाखाली सीझनभर तशाच राहतात.

सर थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"म्हणजे रोज माराव्या लागत नाहीत," म्हणाले, आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.