मावशीचा परफ्यूम

आज रावेरला मावशीकडे होते. ऊन मरणाचं, आणि ही केळीच्या बागेत निघाली ती सीके वन लावून! 1994 साली आलेला हा परफ्यूम बाई-पुरुष दोघांसाठी म्हणूनच बनवलेला. आधी लिंबू आणि बर्गामॉटचा (लिंबाच्याच जातीचं एक फळ) तजेला, मग हिरवा चहा, शेवटी हलकी कस्तुरी. उन्हात लिंबाचा वास लवकर उडतो, म्हणून ती सुती पदरावरही मारते. कापडावर जास्त टिकतो.

मावसा गेल्यापासून बाग तीच बघते. व्यापाऱ्याशी भावाचं बोलताना आवाज चढत नाही, पण शब्दाला पक्की. परफ्यूमही तसाच, जवळ गेल्यावरच कळणारा. तिला फार शोभतो. बाटली खरं तर तिच्या मुलाची, आता दोघं मिळून वापरतात. मीही हाच घेणार.