पाणी उतरल्यावर

रविवार, मे अखेर, रात्री साडेनऊ

पिंढऱ्या अजून ठणकताहेत. पहाटे पाचला नागपुरातून निघालो, म्हणून निदान नऊपर्यंत पेंचच्या नवेगाव खैरी जलाशयाकाठी फिरता आलं. नंतर उन्हाने उभं राहू दिलं नाही. आम्ही चौघं पाच-पाच मीटरवर एका ओळीत, जुन्या काळच्या खुणा शोधत, माना खाली घालून चालत होतो.

पाणी बरंच उतरलंय. जे दिसलं ते सगळं उघड्या पडलेल्या पट्ट्यात. काळी-तांबडी खापरं, आतून काळी, बाहेरून लाल. उचलली नाहीत, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएसची नोंद, की पुढे.

खोल पाण्यात गाळाखाली दबलेलं एक वेळ टिकतं. या पट्ट्याचे हाल वाईट. दरवर्षी भिजतो, सुकतो, भेगाळतो आणि लाटा माती ओढून नेतात. खापर तिथेच राहतं, थर वाहून जातो. थर नसेल तर ते कुणाच्या काळातलं, कशाच्या सोबतीचं, हे कोण सांगणार? आज हे डोळ्यांनी पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

वर मुरमाड उंचवट्यावर शिळावर्तुळ, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड होते, अर्धवट. बैल घेऊन जाणारे एक बाबाजी थांबले. "सोनं शोधून रायले का जी?" म्हटलं, नाही बाबाजी, हे गोटे मोजतोय. "बाकीचे त आमी बांधाले लावले." त्यांना काय बोलणार! जुन्या माणसांचं दफन या गोट्यांखाली असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यांनी चप्पल काढली.

याच नदीवर खाली नायकुंड आहे. तिथे १९७८ ते ८०च्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची. नागपूरजवळच्या जुनापाणीला तर अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं. त्यामुळे इथल्या एकाची काय मातब्बरी, असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. घरच्या नळाला याच जलाशयाचं पाणी येतं. धरण नको असं मी म्हणू शकत नाही, पण पाणी उतरतं त्या दोन महिन्यांत दरवर्षी काठ चालून नोंदवणं तर जमेल ना?

पावसाआधी राज्य पुरातत्त्व विभागाला नोंद पाठवायची आहे. आत्ताच आराखडा पूर्ण केला. नऊ दगड. दहाव्याची जागा खड्ड्यावरून कळत होती, तो तुटक रेघेने काढला.