जाताना काय, येताना काय: आमच्या पाटे-शॉकअपच्या दुकानाची वाटचाल

जालन्यात मंठा चौफुलीच्या अंगाला आमचं दुकान आहे. पाटीवर ‘पाटे व शॉकअपचे काम’ असं लिहिलंय, पण जुनी माणसं अजून ‘कमानवाल्याचं दुकान कोणतं’ असंच विचारत येतात. त्यांचं चुकत नाही, कारण सुरुवात वडिलांच्या भट्टीपासून झाली. कोळशावर ट्रकचा पाटा, म्हणजे गाडीचं वजन पेलणारी कमानीसारखी पोलादी पट्टी, लाल करायचा, घणाखाली त्याला पुन्हा कमान द्यायची आणि तेलात विझवायचा. जालना स्टीलचं गाव. रोलिंग मिलमधून सळई भरून निघणारे ट्रक हेच आमचं गिऱ्हाईक होतं. शॉकअपचं, म्हणजे पाट्यांची उडी आवरणाऱ्या तेलाच्या नळीचं, नाव तेव्हा दुकानात फारसं निघायचं नाही. पाटा मोडला तर काम, नाहीतर चहा.

आयटीआय झाल्यावर मी वाळूजला गेलो. १९८५ला तिथे बजाजचा कारखाना आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यातल्याच एकात शॉकअपच्या लाइनवर मी दोन वर्षं कंत्राटी होतो. दिवसभर एकच काम. तयार शॉक टेस्टिंग मशीनला लावायचा, मशीन त्याला खालीवर ओढायचं आणि पडद्यावर अंड्याच्या आकाराचा आलेख यायचा. रंग तोच, नळी तीच, तरी दोन शॉकचे आलेख वेगळे यायचे. फरक आत असतो. पिस्टनवर पातळ पोलादी चकत्या असतात. तेल त्या वाकवून वाट काढतं, गाडीची उडी तिथेच जिरते आणि तिची उष्णता होते. दाबताना किती अडवायचं आणि ताणताना किती, हे त्या चकत्यांवर ठरतं. त्यामुळे लाल-पिवळा रंग आणि डब्यावरचं वाघाचं चित्र बघून शॉक घेणाऱ्यांचं मला तेव्हापासून हसू येतं. पण पुढे मी स्वतः तेच केलं, ते सांगतोच.

मी परत आलो तोवर २००५ला निघालेला छोटा हत्ती जिल्हाभर पसरला होता आणि पिकअप तर गावोगाव होती. वडील त्यांना ‘खेळणी’ म्हणायचे. मग २०१२-१३चा दुष्काळ आला. मोसंबीच्या बागा वाचवायला लोकांनी पिकअपवर दोन-दोन हजार लिटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या चढवल्या. दोन हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच २ टन झालं, आणि गाडी सव्वा-दीड टनाची. शिवाय टाकी अर्धी असली की पाणी हेंदकाळतं आणि प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला पाट्यांना वेगळाच हिसका बसतो. मेन पाटा मोडलेल्या गाड्या रात्री बारापर्यंत दारात उभ्या असायच्या. मागेल त्याला आम्ही दोन पाटे वाढवून दिले. आरसीवरचं वजन त्याने वाढत नाही, ब्रेक आणि बेअरिंग तेच राहतात, हे कळत होतं. पण समोरचा माणूस झाडं जगवायला पाणी नेतोय, त्याला नाही कसं म्हणणार? लोकांच्या बागा वाळत होत्या आणि आमचा गल्ला भरत होता. त्या वर्षाचा हिशेब मला अजून नीट बघवत नाही. तेव्हा चढवलेले पाटे पुढे कित्येक वर्षं आम्हीच उतरवत होतो.

दुष्काळ सरला आणि तक्रार बदलली. आता ‘गाडी बसते’ म्हणून कोणी येईना. ‘भाऊ, गाडी लई आपटू राह्यली, कडक शॉकअप टाका’ हे सुरू झालं. मागणी बघून मी एका व्यापाऱ्याकडून ‘हेवी ड्यूटी’ शॉकचे ६० नग उधारीवर उचलले. दांडा जाड, वजनाला भारी, डबा झकास. भोकं जुळली, बुश (बोल्टभोवतीचं रबर) जुळले, बसवत गेलो. बंद लांबी मात्र मोजली नाही. पूर्ण दबल्यावर तो शॉक मूळ शॉकपेक्षा पावणेदोन इंच लांब राहत होता. भरलेली गाडी खड्ड्यात गेली की पाट्याचा हिसका बंप रबरने, म्हणजे चेसिसखालच्या रबरी ठोकळ्याने, घ्यायचा असतो. इथे रबरला टेकण्याआधी शॉकच आतल्या आत टेकायचा. अंबडच्या पुढे एका कोंबडीवाल्या मामांच्या गाडीची वरची ब्रॅकेट चेसिसवरून उपटून निघाली. ती ब्रॅकेट त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वेल्डिंग करून दिलं, पैसे परत केले आणि बसवलेले बाकीचे नग शोधून-शोधून काढले. व्यापारी म्हणाला, ‘मोजून घ्यायचं काम तुमचं होतं.’ ते खरंच होतं. उरलेला माल भंगारात गेला. त्यातला एक भिंतीवर टांगलाय. नवा शॉक आला की आधी त्याच्याशेजारी धरून उघडी आणि बंद, दोन्ही लांब्या मोजायच्या. उघडी लांबी कमी भरली तरी घोटाळाच. चाक खड्ड्यात लोंबलं की शॉक साखळीसारखा ताणला जातो आणि त्याचा डोळा, म्हणजे बोल्ट जातो ते टोकाचं कडंच, तुटतो.

त्यानंतर धंद्याला वळण लागलं ते एका द्राक्षवाल्या काकांमुळे. ते कडवंचीकडचे. त्या पट्ट्यात द्राक्ष खूप. काकांचा माल संभाजीनगरला जायचा आणि क्रेट उतरवले की तळाला मण्यांचा सडा पडलेला असायचा. व्यापारी भाव पाडायचा. काका म्हणाले, ‘सगळ्यात कडक बसवा, पैशाचं बघू नका.’

ब्रॅकेटचं प्रकरण ताजं होतं, म्हणून मी आधी त्यांच्याबरोबर गाडीत बसून त्यांच्या शेतापर्यंत गेलो. जाताना गाडी रिकामी. काळ्या मातीवरचा रस्ता कसा होतो ते मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा पडतात. त्या लाटांवर रिकाम्या गाडीची मागची बाजू शेळीसारखी उड्या मारत होती. शेतात पोचल्या पोचल्या मी गाडीखाली शिरलो आणि चारही शॉकला हात लावला. तीन चांगले कोमट होते, मागचा डावा थंड. काम करणारा शॉक तापतो. दहा किलोमीटर आपटत येऊनही जो थंड आहे, तो नुसता लटकलेला.

मग पाटे मोजले. मूळच्यापेक्षा दोन जास्त निघाले. जुन्या मालकाने चढवलेले, कोण जाणे आमच्याच दुकानात. पानापानात गंज धरून सगळा गठ्ठा एकजीव झाला होता. आणि काकांचा माल किती? २० किलोचे ३५ क्रेट, म्हणजे ७०० किलो. दोन टनांसाठी कडक केलेल्या पाट्यांवर ७०० किलो द्राक्षं बसून जात होती. वर कडक शॉक टाकले असते तर मण्यांचा रसच पोचला असता.

वजन पाटे पेलतात. शॉकचं काम पाट्यांची उडी आवरायचं. हे वाळूजला शिकलो होतो, पण गिऱ्हाइकाने ‘कडक’ म्हटलं की विसरत होतो. जादा पाटे उतरवले, बाकीचे खोलून गंज काढला, मध्ये ग्रॅफाइट ग्रीस दिलं, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे, बुश बदलले. शॉक मूळ कंपनीच्याच मापाचे घेतले, तेल आणि कमी दाबाचा नायट्रोजन असलेले. वायू अशासाठी की सतत आपटून तेलात हवा मिसळते, फेस होतो आणि फेसाला काही अडवता येत नाही. नायट्रोजनच्या दाबाने फेस कमी होतो. टायरमध्ये काका भरल्या ट्रकसारखी हवा मारायचे, ती गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणली. बिल त्यांनी मनात धरलं होतं त्याच्या निम्मंही झालं नाही. पुढच्या खेपेनंतर काकांचा फोन आला: ‘मणी गळतात अजून, पण निम्मे.’ त्या हंगामात त्या बाजूच्या चार गाड्या आल्या.

तेव्हापासून दुकानात एक वही आहे. गाडी दुकानातल्या कामाच्या खड्ड्यावर घेण्याआधी लिहायचं: जाताना काय भरता, किती, येताना काय, रस्ता कोणता. लोक जातानाचं वजन फुगवून सांगतात. येतानाचं विचारलं की गोंधळतात, कारण येताना बहुतेक गाड्या रिकाम्याच असतात, आणि गाडी आपटते ती तेव्हाच. रोज भरून जाणाऱ्या आणि भरून येणाऱ्या बियाण्याच्या गाडीला मी थोडा कडक शॉक देतो. भाजीवाल्याला देत नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी.

मोनोट्यूबबद्दल, म्हणजे एकाच नळीच्या शॉकबद्दल, हल्ली फार विचारणा होते. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आणि आमची काही गिऱ्हाइकं त्यावरून तासन्‌तास एका वेगात पळू लागली. अशा कामाला मोनोट्यूब छान. तेल बाहेरच्या नळीलाच लागून असतं, त्यामुळे लवकर थंड होतं. पण त्याच नळीत पिस्टन फिरतो. दगड लागून पोचा आला की पिस्टन अडकतो आणि शॉक गेला. साध्या दुहेरी नळीच्या शॉकला बाहेरून थोडा पोचा आला तरी तो चालतो. म्हणून शेतरस्त्याच्या गाडीला मी मोनोट्यूब विकत नाही. त्यावर पोरं रुसतात.

आमच्या दोन सवयींची मात्र गिऱ्हाइकं थट्टा करतात. दुहेरी नळीचा शॉक आडवा पडून आलेला असतो, त्यामुळे बसवण्याआधी तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून हवा काढतो. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत लोंबत्या चाकाने आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. गाडी उतरवायची, पुन्हा खाली शिरायचं, पंधरा मिनिटं जास्त जातात. दारात तोवर हॉर्न सुरू.

वडील आता काम करत नाहीत, पण चारच्या सुमाराला येऊन स्टुलावर बसतात. परवा एक पोरगा नवेकोरे शॉक पिशवीत घेऊनच आला. गाडी मागून एका बाजूला ओढत होती. मी वही काढेपर्यंत वडील उठले. छोट्या हातोडीने एकेक पाटा वाजवत गेले. पहिले दोन खणखणले, तिसरा बद्द वाजला. हातोडी माझ्या हातात देत म्हणाले, ‘शॉक राहू दे पिशवीत. आधी हा खोल.’