विम्याच्या अर्जात ग्लायडिंग लिहिलं, त्याचा अनुभव

टर्म इन्शुरन्सच्या अर्जात छंदांविषयी एक प्रश्न असतो. स्कायडायव्हिंग, पॅराग्लायडिंग, ग्लायडिंग, मोटर रेसिंग, सगळं एकाच ओळीत आणि पुढे ‘हो’, ‘नाही’ असे दोन चौकोन. ग्लायडिंग म्हणजे इंजिन नसलेल्या यानातून उडणं. पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमध्ये मी ते शिकायला जाते, त्यामुळे ‘हो’वर खूण करणं भाग होतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या विमा एजंटांनी मला थांबवलं. “ताई, कशाला लिहिताय? रविवारचा छंद तो. ‘नाही’ म्हणा, मेडिकल झालं की पॉलिसी हातात.”

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी पॉलिसीला आव्हान देऊ शकते. माझ्या माघारी आमच्या घरच्या अण्णांना कागद घेऊन कंपनीच्या दारात उभं राहावं लागणार असेल, तर विमा काढायचाच कशाला? मी ‘हो’ लिहिलं.

मग वेगळी प्रश्नावली आली. कोणतं यान, परवाना आहे का, वर्षाला किती तास, स्पर्धेत उतरता का, हवाई कसरती करता का, आधी अपघात झालाय का. ती माझ्या हातात बघून अण्णांनी मनातला प्रश्न विचारलाच. जून २०२५ मध्ये सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, त्याचा आनंद ताजा असतानाच १२ जूनला अहमदाबादची दुर्घटना झाली. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. “दोन दोन इंजिनं असून ही गत,” अण्णा म्हणाले, “तुझ्या त्या यानाला तर एकही नाही.”

मी त्यांना नकाशा दाखवला. शिकवणीसाठी वापरतात त्या एएसके-२१ सारख्या दोन आसनी ग्लायडरचा सरकण्याचा दर साधारण ३४ ला १ असतो, एक किलोमीटर खाली येताना ते ३४ किलोमीटर पुढे जातं. म्हणजे सोलापूरवर एक किलोमीटर उंचीवर असलेलं ग्लायडर शांत हवेत मोहोळपर्यंत पोचू शकतं. खाली येणारी हवा किंवा समोरचा वारा लागला तर हे अंतर झपाट्याने कमी होतं, म्हणून कुणी एवढ्या काठावरचा हिशेब करत नाही. पण इंजिन नाही म्हणून यान दगडासारखं पडतं, ही समजूत चुकीची आहे. १९८३ साली एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन आकाशातच संपलं. कॅप्टन बॉब पिअर्सन अनुभवी ग्लायडर वैमानिक होते. ग्लायडरवाले उंची कमी करायला यान तिरपं धरून घसरवतात, तेच त्यांनी एवढ्या मोठ्या विमानाचं केलं आणि गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ते उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

ग्लायडिंगचा खरा धोका जमिनीजवळ असतो आणि प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती. ग्लायडर वर चढवायला जमिनीवरचं विंच नावाचं यंत्र लांब केबल ओढतं, तेव्हा काही सेकंदांत यान वेग घेऊन उभं चढू लागतं. त्या क्षणी केबल तुटली तर नाक ताबडतोब खाली करून आधी वेग मिळवायचा, मग समोर उतरायचं की छोटा फेरा घ्यायचा ते ठरवायचं. वेग नसताना वळायला गेलं की पंखाची उचल सुटते, यान गिरकी घेतं आणि सावरायला उंची उरलेली नसते. उतरतानाही तेच. दुसऱ्यांदा प्रयत्न करायला इंजिन नाही. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या झोतात, अनेक ग्लायडर घिरट्या घालत असतील तर टक्कर होऊ शकते, म्हणून पॅराशूट घालतात आणि मान सतत फिरती ठेवतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून विंचच्या उड्डाणांवर पद्धतशीर काम झालं आणि तिथले गंभीर अपघात बरेच घटले. मला यातून सगळ्यात जास्त धीर आला, कारण हा धोका शिकवण्याने कमी होतो.

आता तुलना. २०२३ मध्ये प्रवासी विमानांचे दर १० लाख उड्डाणांमागे ०.८० अपघात झाले, असं विमान कंपन्यांच्या आयएटीए या जागतिक संघटनेचा अहवाल सांगतो, आणि त्यातही बहुतेकांत जीवितहानी नव्हती. अमेरिकेत खासगी, छोट्या विमानांत दर १ लाख उड्डाणतासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. ग्लायडर या दुसऱ्या गटाच्या जवळ बसतं, पहिल्याच्या नाही. “ग्लायडिंगपेक्षा हडपसरला जायचा हायवेच जास्त धोक्याचा” असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. आपल्याला आवडतं म्हणून ते सुरक्षित होत नाही.

पण एक आकडा उड्डाणांचा आणि दुसरा तासांचा, हे लक्षात आलं तेव्हा मी वही काढली. थर्मल मिळालं नाही तर विंचवरचं शिकाऊ उड्डाण पाच-सात मिनिटांत संपतं. म्हणजे एका तासात आठ-दहा वेळा वर जाणं आणि तितक्याच वेळा उतरणं. थर्मलवर चार तास तरंगणाऱ्याच्या वाट्याला हे दोन्ही एकेकदाच येतं. नुसते तास विचारून दोघांचा धोका कसा कळणार? मी तासांच्या रकान्यात तास लिहिले आणि शेजारी वर्षाची अंदाजे उड्डाणं, सोबत प्रशिक्षक, कसरती नाहीत, स्पर्धा नाहीत, असंही लिहिलं.

कंपनीचं उत्तर आलं त्यात मला ‘पॅराग्लायडिंग’च्या दराने जादा हप्ता लावला होता. पॅराग्लायडरचा पंख कापडी, खवळलेल्या हवेत मिटू शकतो आणि माणूस उघडा टांगलेला असतो. ग्लायडरला ताठ पंख, बंद कॉकपिट, पट्टे असतात. धोके वेगळे आहेत, एवढंच मी लेखी कळवलं आणि लॉगबुकची, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीची, प्रत जोडली. बराच पाठपुरावा केल्यावर दर हजार रुपये विमा रकमेमागचा जादा हप्ता कमी झाला. हप्ता नेहमीचाच ठेवून ग्लायडिंगमधला मृत्यू वगळायचा, असाही पर्याय त्यांनी दिला होता. तो मी घेतला नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच वगळून काय उपयोग?

कुणी हा अर्ज भरणार असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री-लूक काळात, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करता येते त्या मुदतीत, सोबतची अर्जाची प्रत नक्की वाचा. आपण लिहिलेलं आणि त्यात छापलेलं एकच आहे ना, ते पाहा. यानाचा प्रकार, तास आणि उड्डाणं या तीन जागा आधी तपासा आणि फरक दिसला तर तो लेखीच दुरुस्त करून घ्या.