17 दप्तरं

शुक्रवार, रात्री

शहरातलं जुनं शालेय सामान गोळा करून, नीट करून आम्ही ज्या खेड्यातल्या शाळेला पाठवतो, तिथल्या बाईंचा दुपारी निरोप आला. दोनच ओळी. वह्या वाटल्या, कंपासपेट्या रोज वापरात आहेत, दप्तरं कपाटात ठेवली आहेत. पाचवी-सहावीचा मिळून पट 23, दप्तरं 17.

बाईंनी तक्रार केलेली नाही. तरी जेवताना मन तिथंच, त्या कपाटापाशी. जूनपासून बंद आहेत ती. दोन महिने होत आले.

एकेका दप्तराचं काय काय केलं ते हातांना आठवतंय. चेन लागत नाही म्हणून लोक दप्तर टाकून देतात, पण बहुतेक वेळा चेनचे दात शाबूत असतात, रनर तेवढा सैल झालेला असतो. पकडीनं त्याच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या की चेन पुन्हा धरते. जोर जास्त झाला तर रनर मोडतो, मग नवा ओवायचा. पट्टा उसवतो तो वरच्या टोकाला, सगळं ओझं तिथंच येतं. तिथं एक सरळ शिवण टिकत नाही, चौकोन घालून आत फुली मारावी लागते. आणि आतल्या अस्तराचे पापुद्रे निघायला लागले असतील तर ते दप्तर घ्यायचंच नाही. ती भुकटी वह्या-पुस्तकांना चिकटत राहते, त्यावर उपाय नाही. 31 आली होती, त्यातली 14 अशी बाद झाली.

बाद करताना ताई म्हणाल्या होत्या, "अगं असू देत, खेड्यात चालतील." खेड्यात का चालावीत? यावरून मी त्यांच्याशी वाद घातला, तो अजून मिटलेला नाही. पण त्या वादात पट विचारायचा राहिला. एक फोन करायचा होता फक्त.

वह्यांना हा प्रश्न आला नाही, कारण त्या कितीही करता येतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की शहरातल्या मुलांच्या 200 पानी वहीत सहज 40-50 पानं कोरी उरतात. मधोमध पिन मारलेल्या वहीत मागचं कोरं पान पुढच्या लिहिलेल्या पानाला जोडलेलं असतं, एक ओढलं की दुसरं सुटतं. म्हणून घडीवरून कापून सुटी पानं करायची. शिवलेल्या जाड वहीत शेवटची जुडी अख्खी कोरी मिळते, ती तशीच ठेवायची. मग आखणीप्रमाणे वेगळी करायची: एकरेघी, दुरेघी, चाररेघी, चौकटीची. चाररेघी काढून टाकू नका असं मी दर वर्षी सांगते. 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, बाई चाररेघी मागून घेतात. 48 पानं, म्हणजे 96 पृष्ठं, एवढीच एका वहीत. त्याहून जाड झाली की दाभण तिरपं जातं. कडेपासून एक सेंटीमीटर आत पाच भोकं, मेण लावलेला दोरा, जुन्या कॅलेंडरचं कव्हर. पिना मारल्या तर एका पावसाळ्यात गंजतात आणि पानं तिथूनच फाटतात. अण्णांनी यंदा 60 शिवल्या. त्यांच्या बोटांकडे बघवत नव्हतं.

पाठ्यपुस्तकं आम्ही गोळा करत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत ती मोफत मिळतात.

हे सगळं नीट जमतं, आणि 23 हा एक आकडा विचारला जात नाही. पुन्हा तिथंच आले.

कंपासपेट्या तर 17 पण नव्हत्या, 9 होत्या. प्रत्येक कंपासनं आधी चार सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढून बघितलं होतं. सुरुवात आणि शेवट जुळला नाही की वरचा स्क्रू आवळायचा, तरी जुळला नाही तर तो कंपास पाठवायचा नाही. मूल बिचारं आपलाच हात चुकला असं समजतं. कोनमापकाचे आकडे पुसले असतील तर तोही बाद. कर्कटकाचं टोक वाकलं असेल तर पकडीनं सरळ होतं. 9 पेट्या, 23 मुलं, आणि तरी त्या रोज वापरात! बाईंनी त्या वर्गाच्या केल्या. भूमितीच्या तासाला बाहेर येतात, तास संपला की मोजून आत जातात. दप्तर असं वर्गाचं कसं होणार? ते पाठीवर घरी जातं. 17 जणांच्या पाठीवर गेलं असतं तर उरलेल्या 6 जणांनी…

आता हे लिहिताना दिसतंय. मी दुपारपासून माझ्या शिवणीचं दुःख करत बसले होते. बाईंना ते सहा चेहरे समोर दिसले. मीही दप्तरं कपाटातच ठेवली असती.

साडेनऊला शेवटी फोन केला. बाई म्हणाल्या, अहो, कपाटात म्हणजे राखून ठेवलीत. बीडकडची शाळा, दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात, गेल्या वर्षी या दोन वर्गांतली 8 मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली, ती पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परतली. कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, वह्या ठेवायला कोरडी जागा नसते. जाणाऱ्या प्रत्येकाला एक दप्तर द्यायचं त्यांनी जूनमध्येच ठरवलं होतं. त्यावरून कुणी रुसणार नाही, म्हणाल्या. खालच्या वर्गांतली जाणारी धरून 15-16 लागतील.

म्हणजे 17 पुरतात. मला बरं वाटलं, आणि ती मुलं जाणार यात बरं वाटण्यासारखं काय आहे तेही कळेना. असो.

दिवाळीआधी दप्तरं भरून द्यायची तर प्रत्येकात दोन एकरेघी, एक चौकटीची, दोन पेन्सिली, पट्टी, रबर. स्केचपेन नकोत, जुने निम्मे वाळलेलेच असतात, मेणाचे खडू द्यावेत. रबर पट्टीजवळ ठेवायचा नाही. काही आठवड्यांत तो प्लॅस्टिकला चिकटतो, पट्टी तिथं मऊ पडते आणि आकडे जातात. प्रत्येक रबर कागदात गुंडाळायचा. 17 रबर, 17 कागद. आणि जाणाऱ्यांचा आकडा बाईंना दसऱ्याला पुन्हा विचारायचा.