तुम्ही विचारलेत म्हणून : सरकार बंद पडले की आम्हाला उठवतात का?

अमेरिकेत सरकारचे कामकाज ठप्प झाल्याची बातमी आली, की नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांकडून आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातील स्नेह्यांकडून मला हमखास एकच प्रश्न येतो : "तुम्ही तर सरकारी जमिनीवर राहता, आता तुम्हाला तिथून उठवणार का?" या प्रश्नामागे खरी काळजी असते आणि त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून ते एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी आमच्या राहण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. निवृत्तीनंतर घर विकून मी आणि माझे यजमान ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीला जोडून ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरात, राहू लागलो. हिवाळ्यात ॲरिझोना आणि दक्षिण कॅलिफोर्नियाचे वाळवंट, उन्हाळ्यात कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोमधील उंचावरची जंगले, असा आमचा वर्षाचा फेरा असतो. या जमिनी मुख्यतः दोन संस्थांकडे आहेत. इंटिरियर खात्याच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बीएलएमकडे, सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे आणि कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर. दोन्ही मिळून हे क्षेत्र महाराष्ट्राच्या साडेपाच पटींहून अधिक भरते. यातील ज्या भागात मनाई केलेली नाही, तिथे कोणालाही भाडे न देता मुक्काम करता येतो. बहुतेक ठिकाणी २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवस राहता येते आणि त्यानंतर ठरावीक अंतरापलीकडे, पुष्कळदा २५ मैल, हलावे लागते. तिथे वीज, नळ, शौचालय यांपैकी काहीच नसते. वीज सौर पॅनेलवर, पाणी ट्रेलरच्या टाकीत आणि सांडपाणी व मैला दुसऱ्या टाक्यांत, असा सगळा संसार आपला आपणच चालवायचा असतो.

आता सरकार बंद पडते म्हणजे काय, तेही सांगते, कारण भारतातील वाचकाला हा प्रकार अपरिचित आहे. आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर संसद लेखानुदान मंजूर करते, आणि लोकसभेने खर्चाला मंजुरीच नाकारली तर सरकारच जाते. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे इथली संसद, स्वतंत्रपणे निवडून येतात. त्यामुळे १ ऑक्टोबरला नवे आर्थिक वर्ष सुरू होऊनही खर्चाची विधेयके मंजूर झालेली नाहीत आणि सरकार मात्र जागेवर आहे, अशी स्थिती येऊ शकते. अँटिडेफिशियन्सी ॲक्ट हा कायदा, ज्याचे मूळ १८८४ सालचे आहे, मंजुरीशिवाय खर्च करण्यास मनाई करतो. तरीही पूर्वी अशा खंडाच्या काळात खाती थोडीफार काटकसर करून चालूच राहत. १९८० साली तत्कालीन ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा कडक अर्थ लावला आणि तेव्हापासून जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक असलेले कर्मचारी वगळता बाकीच्यांना घरी पाठवण्याची पद्धत पडली.

मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की आम्हाला कोणी उठवत नाही. मोकळ्या जमिनीवरचा मुक्काम कोणा कर्मचाऱ्याच्या हजेरीवर अवलंबूनच नसतो. तिथे फाटक नाही, तिकीटघर नाही, आणि महामार्गावरून आत शिरणाऱ्या कच्च्या वाटा इतक्या आहेत, की त्या अडवायच्या ठरवल्या तरी अडवता येणार नाहीत. एरवीही आठवडेच्या आठवडे आम्हाला रेंजर दिसत नाही.

हे उत्तर मोकळ्या जमिनीपुरतेच खरे आहे. राष्ट्रीय उद्याने आणि बांधीव कॅम्पग्राउंड यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे काय होणार हे त्या वेळचे सरकार ठरवते. २०१३ साली १ ऑक्टोबरपासून १६ दिवस कामकाज बंद होते, तेव्हा राष्ट्रीय उद्यानांना अडथळे लावून कुलपे घातली गेली आणि आत मुक्कामाला असलेल्यांना ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्यास सांगण्यात आले. नेवाडातील लेक मीडच्या परिसरात सरकारी जमिनीवर ज्यांची स्वतःची सुटीची घरे होती, त्यांनाही ती सोडावी लागली. पुढे ॲरिझोना आणि युटा या राज्यांनी पदरचे पैसे भरून काही उद्याने उघडवून घेतली. याउलट २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ या ३५ दिवसांत उद्याने मोजक्या माणसांवर उघडी ठेवली गेली, आणि २०२५ च्या १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर या ४३ दिवसांच्या, तोवरच्या सर्वांत दीर्घ बंदमध्येही साधारण तेच धोरण राहिले. म्हणून "मागच्या वेळी असे झाले होते" एवढ्यावर कोणी प्रवासाचा बेत आखू नये.

पूर्णवेळ फिरत राहणाऱ्यांमध्ये असे म्हणणारे बरेच आहेत, की बंदने आपल्याला काहीच फरक पडत नाही, उलट पावती फाडणारे कोणी नसल्याने चंगळ होते. मला हे मुळीच पटत नाही. जमीन उघडी राहते, पण तिची देखभाल करणारी माणसे घरी बसतात, आणि त्या काळात होणारे नुकसान तिथेच घर करून राहणाऱ्यांना सर्वांत जवळून पाहावे लागते.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण प्रवेशद्वाराबाहेर, आंतरराज्य महामार्ग १० च्या बाजूला असलेल्या बीएलएमच्या मोकळ्या जमिनीवर होतो. उद्यान उघडे होते, पण शौचालये तुंबू लागल्यामुळे २ जानेवारीला आतील कॅम्पग्राउंड बंद करण्यात आले. आत जागा न उरलेली माणसे साहजिकच बाहेरच्या फुकट जमिनीवर आली. त्यांपैकी अनेकांकडे साधा तंबू होता, मैल्याची टाकी नव्हती, आणि वाळवंटात शौचाला कसे जायचे, खड्डा किती खोल खणायचा, कागद सोबत परत न्यायचा, हे त्यांना सांगायला कोणी नव्हते. झुडपांच्या आडोशाला जे दिसू लागले त्याचे वर्णन करत नाही. मला त्या माणसांचा राग येत नव्हता. एरवी हेच लोक माहिती केंद्रात शिरतात, नकाशा मागतात, रेंजरचे ऐकतात आणि नीट वागतात.

उद्यानाच्या आत त्याहून वाईट घडले. काही जोशुआ वृक्ष तोडले गेले आणि वाहनबंदी असलेल्या रानात गाड्या घालून लोकांनी नव्या वाटा पाडल्या. हा वृक्ष वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतो. वाळवंटाच्या मातीवर शेवाळे, दगडफूल आणि सूक्ष्म जीवांची एक जिवंत खपली असते. ती माती धरून ठेवते, आणि एका चाकाखाली चिरडली गेली तर सावरायला अनेक दशके घेते. अखेर प्रवेश शुल्काच्या साठलेल्या पैशांतून कर्मचारी परत बोलावले गेले म्हणून उद्यान पुरते बंद करण्याची वेळ टळली, पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे काँग्रेससाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या कार्यालयाने, हा पैसा असा वापरणे बेकायदेशीर असल्याचा निर्वाळा दिला.

याच काळातील एक गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. पुष्कळ कॅम्पग्राउंडवर 'होस्ट' म्हणून एखादे निवृत्त जोडपे राहते. ते पगार घेत नाहीत. राहायला जागा मिळते आणि त्या बदल्यात ते शौचालये धुतात, पाट्या लावतात, नवख्यांना समजावतात. बंदच्या काळात ही माणसे तिथेच असतात, हात रिकामे असतात, काम डोळ्यांसमोर साचत असते, पण वर सांगितलेला कायदा आणीबाणीचे प्रसंग वगळता सरकारी खात्यांना विनामोबदला सेवा स्वीकारण्यासही मनाई करतो. या तरतुदीमागचे कारण मला कळते : आधी फुकट काम करून घ्यायचे आणि नंतर त्याचा मोबदला देण्यासाठी काँग्रेसचा हात पिरगळायचा, ही खात्यांची जुनी खोड मोडण्यासाठी ती आली. परंतु झाडू हातात धरलेल्या सत्तरीच्या बाईला तो खाली ठेवायला लावणे मला आजही बरोबर वाटत नाही. जोशुआ ट्रीच्या भोवतालच्या गावांतील नागरिकांनी त्या जानेवारीत स्वतः शौचालये स्वच्छ केली आणि कचरा उचलला, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

आमच्या रोजच्या जगण्यात अडचण होते ती मुख्यतः पाणी आणि मैला यांची. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट आणि युमाजवळ बीएलएमची दीर्घ मुक्कामाची क्षेत्रे आहेत. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी परवाना घेऊन राहता येते. २०१८-१९ च्या हंगामात त्याचे शुल्क १८० डॉलर होते. त्या पैशांत पाणी, कचऱ्याची सोय आणि टाक्या रिकाम्या करण्याचे डंप स्टेशन मिळते, म्हणून आमच्यासारखे हजारो लोक हिवाळा तिथे काढतात. बंदच्या काळात अशा सोयींवर भरवसा ठेवता येत नाही. एखादी सोय चालू राहते, एखादीला साखळी लागते, आणि चौकशी करायला गेलात तर कार्यालयाच्या दारावर सूचना चिकटवलेली असते. मग ट्रक स्टॉपवर किंवा आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर उभे करण्याच्या खासगी जागेत, पैसे मोजून टाक्या रिकाम्या कराव्या लागतात आणि पाणी गावातून विकत आणावे लागते. आम्हाला ते परवडते. पण याच वाळवंटात असे कितीतरी लोक राहतात, ज्यांना घरभाडे झेपत नाही म्हणून ते गाडीत राहतात, आणि त्यांच्यासाठी महिन्याचा हा वाढीव खर्च फार मोठा असतो.

काही गोष्टी चालू राहतात, तेही सांगायला हवे. आगीशी लढणारे कर्मचारी आणि कायदा राबवणारे रेंजर कामावर असतात, फक्त त्यांचा पगार अडकलेला असतो; २०१९ च्या कायद्याने तो मागाहून मिळण्याची हमी दिली आहे, मात्र कंत्राटदारांच्या माणसांना ती नाही. टपाल खाते स्वतःच्या कमाईवर चालते, त्यामुळे गावच्या टपाल कार्यालयात येणारी आमची पत्रे आणि औषधे थांबत नाहीत. निवृत्तिवेतनही येत राहते.

आणि १४ दिवसांचा नियम? तोही कायम असतो. तपासायला कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही आम्ही ठरल्या दिवशी ट्रेलर जोडतो आणि निघतो, कारण या नियमामागे जमिनीला उसंत मिळावी हा हेतू आहे आणि तिच्यावरचा भार वॉशिंग्टनमधील वादामुळे कमी होत नाही.

बंद संपला की बातम्या थांबतात, पण आम्हाला खरी झळ पुढच्या उन्हाळ्यात जाणवते. २०१८-१९ च्या हिवाळ्यात वणव्याला इंधन ठरणारी जंगलातील वाळलेली झाडी काढण्याची आणि त्याचसाठी ठरवून, ताब्यात ठेवून आग लावण्याची कामे थांबली होती, आणि ही कामे पुष्कळदा थंडीच्या महिन्यांतच उरकावी लागतात. हंगामी कर्मचाऱ्यांची भरतीही त्याच महिन्यांत होते. ती रखडली, की जूनमध्ये रस्त्यावर कोसळलेले झाड उचलायला माणूस नसतो.

तेव्हा ज्यांचा ऑक्टोबरमध्ये इकडे येण्याचा विचार आहे, त्यांनी उद्यानातील आरक्षणाच्या जोडीला बाहेरच्या गावात एक खासगी जागाही हाताशी ठेवावी आणि नकाशे सप्टेंबरमध्येच फोनमध्ये उतरवून घ्यावेत. आमच्याकडे यायचे असेल तर मात्र तारीख बदलू नका. माणशी दिवसाला चार लिटर या हिशेबाने पिण्याचे पाणी सोबत आणा, आणि कचऱ्याच्या पिशव्या जरा जास्तच आणा.