गोलरक्षकाचे पाय

कोल्हापुरात शाळेच्या फुटबॉल संघातून मी तीन वर्षे गोलरक्षक म्हणून खेळलो. नववीत असताना एका सामन्यात जमिनीलगत आलेला अगदी साधा चेंडू ओल्या मातीवर माझ्या छातीखालून निसटला आणि आम्ही तो सामना एका गोलने हरलो. मला त्या गोलपेक्षा त्यानंतरचे दोन सामने अधिक स्पष्ट आठवतात, कारण त्या दोन्ही सामन्यांत मी गोलरेषा सोडलीच नाही. कॉर्नरवरून आलेला चेंडू माझ्यासमोर तीन-चार पावलांवर हवेत असायचा, पुढे होऊन तो पकडायचा आहे हे कळत असायचे, पण पाय हलत नसत. सरांनी मला बदलले नाही. त्यामागे त्यांची माया होती हे मी जाणतो, तरीही त्या दोन सामन्यांत मला बाकावर बसवायला हवे होते, असे आज माझे स्पष्ट मत आहे.

फॉर्म हरवलेल्या गोलरक्षकावर प्रशिक्षकाने विश्वास ठेवावा की नाही, या प्रश्नाकडे मी या अनुभवातून पाहतो. स्ट्रायकरने चार संधी दवडल्या आणि पाचवीवर गोल केला, तर संध्याकाळी त्या चार कोणाला आठवत नाहीत. गोलरक्षकाचे गणित नेमके उलटे असते. शिवाय त्याची जागा एकच. त्याला शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरवून सूर गवसू द्यावा, अशी सोय प्रशिक्षकाकडे नसते. म्हणून त्याला संघात ठेवणे आणि काढणे हे दोन्ही निर्णय इतर कोणत्याही खेळाडूपेक्षा अधिक बोचतात. चूक किती मोठी होती यावर हा निर्णय घेऊ नये, चुकीनंतर गोलरक्षक कसा उभा राहतो यावर घ्यावा, असे मला वाटते.

स्पेनचा गोलरक्षक डेव्हिड डे हेआ २०११ च्या उन्हाळ्यात अॅटलेटिको माद्रिदहून इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये आला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि अंगाने अगदी किरकोळ होता. ऑगस्टमध्ये कम्युनिटी शिल्डच्या सामन्यात एडिन झेकोचा दुरून मारलेला फटका त्याला अडवता आला नाही. पुढच्याच आठवड्यात वेस्ट ब्रॉमविच अल्बियनच्या शेन लाँगचा तसा हलका फटका त्याच्या हाताखालून गेला. ३१ डिसेंबरला, युनायटेडचे प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, गुणतक्त्यात तळाला असलेल्या ब्लॅकबर्नने ओल्ड ट्रॅफर्डवर येऊन युनायटेडला ३-२ असे हरवले. निर्णायक गोल कॉर्नरवरून झाला. डे हेआ चेंडूसाठी पुढे आला, पण गर्दीत तो त्याला दूर करता आला नाही आणि ग्रँट हॅन्लीने हेडरने गोल केला. फर्ग्युसन यांनी लीगच्या पुढच्या सामन्यात दुसरा गोलरक्षक अँडर्स लिंडेगार्डला उतरवले.

त्या गोलमध्ये डे हेआ चुकला हे खरे, पण तो रेषेवर खिळलेला नव्हता, पुढे येऊन चुकला होता. या दोन चुकांमध्ये माझ्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे. पुढे येऊन चुकणाऱ्या गोलरक्षकाला ताकद आणि सराव हवा असतो, आणि ते दोन्ही व्यायामशाळेत आणि मैदानावर मिळते. जो पुढे येणेच थांबवतो, त्याला आधी त्या दडपणातून बाहेर काढावे लागते. फर्ग्युसन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील यांनी या मुलाला सांभाळले, त्याच्या शरीरावर मेहनत घेतली आणि गरज वाटली तेव्हा त्याला बसवलेही. लिंडेगार्ड जखमी झाल्यामुळे त्याला परतण्याची संधी मिळाली, म्हणजे नशिबाचाही यात वाटा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ५ फेब्रुवारी २०१२ रोजी चेल्सीविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून युनायटेडने ३-३ अशी बरोबरी साधली, तेव्हा सामन्याच्या अगदी अखेरीस हुआन माताची वरच्या कोपऱ्यात शिरणारी फ्री किक त्याने झेप घेऊन बाहेर ढकलली. ती झेप मी त्या रात्री पुन्हा पुन्हा पाहिली. चेंडू बचावपटूंच्या भिंतीवरून येण्याआधीच त्याचे पाय त्या दिशेने निघाले होते. पुढच्या मोसमात युनायटेडने लीग जिंकली आणि खेळाडूंनी मते देऊन निवडलेल्या वर्षाच्या संघात डे हेआचे नाव होते.

याच डे हेआची दुसरी गोष्ट २०१८ च्या विश्वचषकातली आहे आणि ती विश्वासाच्या बाजूने जात नाही. सोचीमध्ये पोर्तुगालविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात रोनाल्डोचा सरळ अंगावर आलेला फटका त्याच्या हातांतून सुटून जाळ्यात गेला. स्पेनचे प्रशिक्षक हुलेन लोपेतेगी यांची सामन्याच्या दोनच दिवस आधी हकालपट्टी झाली होती आणि फर्नांडो हिएरो यांच्या हाती अचानक संघ आला होता. त्यांनी डे हेआला चारही सामन्यांत खेळवले. स्पेनवर सहा गोल झाले, आणि रशियाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याला एकही फटका अडवता आला नाही. हिएरो यांना मी दोष देणार नाही, पण तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. लीगमध्ये ३८ सामने असतात; तिथे सावरायला महिना देता येतो. विश्वचषकात गोलरक्षकाला सावरायला वेळच नसतो, आणि तिथे विश्वास दाखवायचा तर रोजच्या सरावात त्याच्यात काय बदलले आहे याची जवळून माहिती हवी. दोन दिवसांपूर्वी संघ हाती आलेल्या माणसाकडे ती कुठून असणार?

गोलरक्षकाला बसवणे म्हणजे त्याच्यावरचा विश्वास संपणे नव्हे, हे मँचेस्टर सिटीत मॅन्युएल पेलेग्रिनी यांनी फार चांगले दाखवले. ऑक्टोबर २०१३ मध्ये चेल्सीविरुद्ध अखेरच्या क्षणी बचावपटू नास्तासिच आणि जो हार्ट यांच्यात गोंधळ झाला, टोरेसने गोल केला आणि सिटी हरली. पुढच्या लीग सामन्यात गोलमध्ये हार्टच्या जागी कोस्टेल पँटिलिमॉन आला. हार्ट काही आठवडे लीगमध्ये बाकावर बसला, डिसेंबरमध्ये परतला, आणि मे महिन्यात सिटी विजेती झाली तेव्हा गोलमध्ये तोच होता. बाकावर बसलेल्या गोलरक्षकाला परतीची वाट दिसत असेल, तर ते काही आठवडे त्याच्या उपयोगी पडतात. प्रत्येक चुकीनंतर अदलाबदल करणारा प्रशिक्षक मात्र दोन गोलरक्षक एकाच वेळी घालवून बसतो, कारण दोघेही प्रत्येक चेंडू आपली जागा जाईल या धास्तीने खेळू लागतात.

आपल्याकडचा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी मला या संदर्भात नेहमी आठवतो. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, घरच्या प्रेक्षकांसमोर, एफसी गोवा इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत २-१ ने पुढे होता. त्या मिनिटाला कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, लगेच मेंडोझाने तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईयिनकडे गेला. त्याच सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली होती, पण दुसऱ्या दिवशी चर्चा फक्त स्वयंगोलाची होती. तो पुढेही गोव्यासाठी खेळत राहिला आणि नंतर हैदराबादला गेला.

२० मार्च २०२२ रोजी पुन्हा फातोर्ड्यातच अंतिम सामना झाला. केरळ ब्लास्टर्सविरुद्ध १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउट आले. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या हैदराबादचा गोलरक्षक कट्टीमणीच होता. लेस्कोविच, निशू कुमार आणि जीक्सन सिंग या तिघांचे फटके त्याने अडवले. निशूचा पहिला प्रयत्नही त्याने अडवला होता, पण रेषा लवकर सोडल्याचे ठरवून पंचांनी तो पुन्हा घ्यायला लावला, आणि त्याने तोही अडवला. हैदराबादने शूटआउट ३-१ असे जिंकले.